खेळ आणि खाडा
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय खेळाचा आहे. परंतु त्याचा आरंभ मी मैदानावरून न करतां मागाच्या कारखान्यापासून करणार आहें. असें कां, तें पुढें आपल्या ध्यानांत येईलच.

भिवंडी शहरांतील कामतघर ही वस्ती आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेली नसेल. वऱ्हाळा तलाव, तलावाकांठचें वऱ्हाळदेवीचें देऊळ, आणि आसपासच्या गल्ल्यांतून अहोरात्र ऐकूं येणारा यंत्रमागांचा खडखडाट, असें या वस्तीचें रूप आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आगरी व कोळी, तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर, उत्तरेकडून आलेले मोमीन व इतर कारागीर, असे नाना प्रांतांचे लोक या गांवांत मागाच्या आधारानें राहतात. आपल्या अंगावरील सदऱ्याचें, गादीवरील चादरीचें किंवा कोटाच्या अस्तराचें कापड कोरें असतांना भिवंडीच्याच मागावरून उतरलेलें असण्याचा संभव पुष्कळ आहे. म्हणजे आपण कामतघरला गेलों नसलों, तरी कामतघर आपल्या घरीं आलेलें असतें.

कांहीं वर्षांपूर्वीं तेथील एका लहानशा कबड्डीच्या सामन्यांच्या व्यवस्थेंत माझाही थोडासा हात होता. सामने दोन दिवस चालले. विजयी संघांत विशीच्या आंतला एक मुलगा होता. अंगानें सडपातळ, परंतु त्याची पकड अशी, कीं एकदां घोटा हातीं सांपडला कीं चढाई करणारा गडी पुन्हा मधल्या रेषेकडे जात नसे. बक्षीससमारंभ आटोपल्यावर तो हळूच माझ्याजवळ आला व म्हणाला, “काका, ढाल मंडळांत राहील, तें बरंच आहे. पण माझे दोन दिवस खाडे झाले. त्याचं कांहीं होईल का?”

मला त्या वेळीं तें बोलणें रुचलें नाहीं. खेळ हा खेळासाठीं खेळावयाचा असतो, त्यांत पैशाचा विचार आणूं नये, असें एक लहानसें व्याख्यानच मीं त्याला दिलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें, “बरं काका,” म्हटलें, आणि तो रातपाळीला निघून गेला. पुढल्या वर्षीं सामने झाले, तेव्हां तो आला नाहीं. त्याच्या पुढल्या वर्षींही आला नाहीं. मीं त्याला जें सांगितलें तें चूक होतें, हें समजावयास मला बराच काळ लागला. आणि तें मला समजलें तें इंग्लंडमधील एका खेळाच्या इतिहासावरून. तोच इतिहास आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम खाडा म्हणजे काय, तें पाहूं. कचेरींत काम करणाऱ्या आपल्यासारख्या माणसांना रजा ठाऊक असते. रजा घेतली तरी महिन्याचा पगार बहुधा तसाच येतो. मागावर काम करणाऱ्यास रजा नसते. त्याला खाडा असतो. त्याची मजुरी जितकें कापड विणलें तितक्यावर. पाळी बहुधा बारा तासांची. माग चालला तर मीटर वाढतात, मीटर वाढले तर पैसे. माणूस आला नाहीं कीं माग एक तर बंद राहतो, नाहीं तर दुसऱ्याच्या हातीं जातो. आणि दुसऱ्याच्या हातीं गेलेला माग परत मिळेलच, अशी खात्री कोणी द्यावी? अशा मुलाला आपण म्हणतों, ‘सकाळीं सरावाला ये, शनिवारीं ठाण्यास सामना आहे, रविवारीं कल्याणला आहे.’ आपण त्याला खेळावयास बोलावतों असें आपणांस वाटतें. वस्तुतः आपण त्याच्याकडे वर्गणी मागत असतों, आणि ती वर्गणी त्याच्या घरांतील पिठाच्या डब्यांतून येते.

आतां आपण सुमारें सवाशें वर्षें मागें, इंग्लंडच्या उत्तर भागांत जाऊं. यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांत त्या काळीं कापडाच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी यांचें राज्य होतें. हडर्सफील्ड, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, ओल्डहॅम हीं गांवें म्हणजे त्या देशांतील भिवंड्याच म्हणाना. १८५० च्या कारखाने-कायद्यानें शनिवारीं दुपारीं दोन वाजतां स्त्रियांचें व मुलांचें काम थांबविण्याची सक्ती झाली, आणि त्यांच्याबरोबर हळूहळू साऱ्या गिरण्याच शनिवारीं दुपारीं बंद होऊं लागल्या. ती अर्ध्या दिवसाची सुट्टी हेंच इंग्लंडमधील लोकप्रिय खेळांचें जन्मस्थान होय. त्या दुपारीं मजूर मैदानावर जमूं लागले, आणि या भागांत जो खेळ त्यांच्या अंगीं मुरला तो रग्बी.

रग्बी हा खेळ मूळचा श्रीमंतांच्या मुलांच्या शाळांतला. रग्बी नांवाच्या गांवच्या शाळेवरूनच त्याला हें नांव पडलें. लांबट अंड्याच्या आकाराचा चेंडू हातीं घेऊन धांवावयाचें, प्रतिपक्षानें अंगावर झेप घेऊन धांवणाऱ्यास खालीं पाडावयाचें, चेंडू सोबत्याकडे फेंकावयाचा तो मात्र नेहमीं बाजूला किंवा मागें, पुढें कधींच नाहीं. आणि प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे तो जमिनीस टेकविला म्हणजे गुण मिळावयाचे, असा हा खेळ आहे. अंगांत बळ आणि छातींत धैर्य असणाऱ्या खाणकामगारांस व गिरणीकामगारांस तो न आवडता तरच नवल! थोड्याच वर्षांत उत्तरेकडील मजुरांचे संघ दक्षिणेकडील पदवीधरांच्या संघांस भारी पडूं लागले.

परंतु दूरच्या गांवीं सामना असला म्हणजे शनिवारीं सकाळची पाळी बुडे. तेव्हां उत्तरेकडील क्लबांनीं अशी मागणी केली, कीं खेळाडूचा जेवढा वेळ खरोखर बुडतो तेवढ्याची भरपाई देण्यास परवानगी असावी. खेळण्याबद्दल पगार ते मागत नव्हते. ते केवळ खाड्याचे पैसे मागत होते. २० सप्टेंबर १८९३ रोजीं लंडन येथें रग्बी युनियनच्या सर्वसाधारण सभेंत हा ठराव आला आणि १३६ विरुद्ध २८२ मतांनीं फेटाळला गेला. ज्यांनीं तो फेटाळला त्यांचा युक्तिवाद मला फार ओळखीचा वाटतो. कारण तोच मीं कामतघरच्या मुलाला ऐकविला होता.

पुढें दोन वर्षांनीं, २९ ऑगस्ट १८९५ रोजीं, हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधि जमले आणि जुन्या संस्थेंतून बाहेर पडून त्यांनीं ‘नॉर्दर्न युनियन’ नांवाची स्वतंत्र संस्था स्थापिली. पहिल्या हंगामांत तींत बावीस क्लब होते. खाड्याची भरपाई दिवसास सहा शिलिंगांपर्यंत द्यावी, असें ठरलें. जुन्या संस्थेनें सूड म्हणून या नव्या क्लबांतून खेळणाऱ्यांवर आपलीं दारें कायमचीं बंद केलीं. ही नॉर्दर्न युनियन म्हणजेच आजची ‘रग्बी लीग’. १९२२ मध्यें तिनें तें नांव धारण केलें. तेव्हां श्रोतेहो, कोणी रग्बी लीग म्हटलें, तर तो जुन्या रग्बीचा नुसता एक प्रकार आहे, असें समजूं नका. एका खाड्याच्या प्रश्नावरून जन्मास आलेला तो निराळाच खेळ आहे.

निराळा अशासाठीं, कीं मजुरांना पैसे द्यावयाचे तर ते प्रेक्षकांच्या तिकिटांतून यावयाचे. आणि प्रेक्षकही मजूरच! आठवडाभर राबून चार पैसे देणाऱ्या माणसास, ढीगभर खेळाडूंच्या खालीं चेंडू दडून बसलेला पाहून काय समाधान होणार? म्हणून नव्या संस्थेनें खेळ मोकळा करण्यास आरंभ केला. चेंडू मैदानाबाहेर गेला असतां दोन्ही पक्षांनीं रांगा करून तो पुन्हा आंत घेण्याची पद्धत १८९७ मध्यें काढून टाकली. १९०६ मध्यें पंधराचे तेरा गडी केले, आणि पाडलेल्या खेळाडूनें उठून चेंडू पायानें मागें सारावा व खेळ पुढें चालूं व्हावा, अशी सोय केली. पुढें पकडींचीही मर्यादा आली; आज एका पक्षास सहा पकडींपर्यंत चेंडू ठेवतां येतो, मग तो प्रतिपक्षास द्यावा लागतो. ‘दम’ संपला कीं परत फिरावयाचें, हा आपल्या कबड्डीचा नियम ज्यास ठाऊक आहे, त्याला या सहा पकडींचें मर्म समजावून सांगावयास नको.

पैसा आला म्हणजे खेळ बिघडतो, ही भीति सर्वस्वीं पोकळ होती, असें मात्र मी म्हणणार नाहीं. नव्या संस्थेच्या चालकांनाही ती होतीच. म्हणून १८९८ मध्यें त्यांनीं खेळण्याबद्दल पैसे घेण्यास परवानगी दिली ती अशा अटीवर, कीं खेळाडूस दुसरा कांहीं नियमित धंदा असलाच पाहिजे. ही अट १९०५ पर्यंत टिकली. शिवाय, पैसा ठेवल्यानें क्लब तगतोच, असेंही नाहीं. पहिल्या हंगामांत विजयी झालेला मॅनिंगहॅमचा क्लब हा ब्रॅडफर्डच्या एका प्रचंड गिरणीच्या छायेंतला. आठ वर्षांनीं, १९०३ मध्यें, पैशाच्या ओढाताणीमुळें त्यानें रग्बी सोडून फुटबॉल पत्करला, आणि तोच पुढें ब्रॅडफर्ड सिटी म्हणून प्रसिद्ध झाला. खेळाचा संसार हा शेवटीं संसारच आहे. जमाखर्च जुळला नाहीं तर विजयाची ढाल त्याला तारूं शकत नाहीं.

परंतु इतिहासानें निवाडा कोणाच्या बाजूनें दिला, तेंही पाहावें. ज्या जुन्या रग्बी युनियननें हौशीपणाचें सोंवळें शंभर वर्षें जपलें, तिच्या आंतरराष्ट्रीय मंडळानेंच ऑगस्ट १९९५ मध्यें खेळाडूंस पैसे घेण्याची मोकळीक दिली. हडर्सफील्डच्या त्या सभेला तेव्हां बरोबर एक शतक पुरें होत होतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. रग्बी हिंदुस्थानांत कांहीं काल-परवां आलेला नाहीं. कलकत्त्यास १८७० नंतरच्या दशकांत गोऱ्या लोकांचा एक रग्बी क्लब होता. एक पलटण बदलून गेली, उरलेल्यांचें मन टेनिस-पोलोकडे वळलें, आणि क्लब मोडला. तेव्हां सभासदांनीं बँकेंतले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून, एक सुंदर चषक घडविला. त्याचे कान नागाच्या आकाराचे व झांकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ १८७९ पासून त्या ‘कलकत्ता कप’साठीं खेळत आले आहेत. म्हणजे जगांतील एका अति जुन्या आंतरराष्ट्रीय सामन्याचा चषक आपल्या रुपयांचा, परंतु खेळ मात्र आपला झाला नाहीं! मुंबईंतही तेंच झालें. १८७५ मध्यें स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी खेळला जात असे. परंतु त्या जिमखान्याचीं दारें कित्येक दशकें केवळ युरोपियनांस मोकळीं होतीं. ज्यांना खाडा म्हणजे काय हें ठाऊकच नव्हतें, त्यांच्याबरोबर हा खेळ आला आणि त्यांच्याचभोंवतीं राहिला. पुढें पारशी, अँग्लो-इंडियन, पोलीस आणि सैन्य यांनीं तो जिवंत ठेवला, हें त्यांचे उपकारच होत.

याच्या उलट आपल्या हुतुतूचा इतिहास पाहावा. गांवोगांवच्या अंगणांत खेळला जाणारा हा खेळ महाराष्ट्रांतील व्यायामप्रेमी मंडळींनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत नियमांत बसविला. १९२३ मध्यें बडोद्यास त्याचे अखिल भारतीय सामने झाले. आणि १९३६ मध्यें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं त्याचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. परंतु तो मुंबईच्या कामकऱ्यांत मुरला तो लालबाग-परळच्या गिरणगांवांत. चाळीसमोरच्या मोकळ्या जागेंत तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असें अंगण आंखलें कीं झालें. साधनाचा खर्च शून्य, आणि खेळ पाळी सुटल्यावर.

आणि खाड्याचें काय? महाराष्ट्रानें त्याचें उत्तर आपल्या परीनें दिलें. तें उत्तर म्हणजे नोकरी. गिरण्या, रेल्वे, पोलीस, बँका आणि मोठ्या कंपन्या यांनीं आपापले संघ उभे केले, आणि चांगल्या खेळाडूस कामावर घेतलें. आजही आपल्याकडे कबड्डीच्या सामन्यांत ‘स्थानिक’ व ‘व्यावसायिक’ असे गट असतात, आणि व्यावसायिक गटांत एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे अशीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं आलीं, त्याचें मूळ येथें आहे. सरावाला सुटी मिळावी, सामन्याचा दिवस भरलेला धरावा, आणि गुडघा गेला तरी महिन्याचा पगार चुकूं नये, ही त्या नोकरीची खरी किंमत होती. कबड्डीचे महर्षि म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस १५ जुलै हा महाराष्ट्रांत कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. बुवांनीं खेळ वाढविला असें आपण म्हणतों, तेव्हां त्यामागें अशा हजारों नोकऱ्यांचा आधार होता, हें विसरूं नये.

१९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांत संप झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहींत. विणकामाचा ओघ भिवंडीसारख्या गांवांकडे वळला. काम आलें, परंतु गिरणीबरोबर असणारा खेळाचा संघ, हक्काची रजा आणि महिन्याचा पगार मात्र त्याच्याबरोबर आला नाहीं. दहा-वीस मागांच्या लहान कारखान्यास संघ पोसणें कसें शक्य आहे? माझ्या त्या मुलाचा आजा परळच्या गिरणींत असता, तर त्याच्या दोन दिवसांचा हिशेब गिरणीनेंच केला असता. नातवाच्या वेळेस तो हिशेब करणारें कोणी उरलें नव्हतें. एक मी होतों, आणि मीं त्याला व्याख्यान दिलें.

त्यानंतर कबड्डीनें दुसरी मोठी उडी घेतली. २६ जुलै २०१४ रोजीं मुंबईस प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आठ संघ होते, ते पुढें बारा झाले. खेळाडूंचा लिलाव झाला. पहिल्या वर्षीं सर्वांत मोठी बोली राकेश कुमार या खेळाडूवर लागली, ती १२ लाख ८० हजार रुपयांची. २०२३ मध्यें पवन सेहरावत याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. कोल्हापूर जिल्ह्यांतील सिद्धार्थ देसाई याला २०१९ मध्यें १ कोटी ४५ लाख मिळाले. आणि २०२४ मध्यें अस्लम इनामदार याच्या नेतृत्वाखालीं पुणेरी पलटणनें विजेतेपद मिळविलें. दहा वर्षांपूर्वीं ज्या खेळाडूस शेजारच्या गल्लींत कोणी ओळखीत नव्हतें, त्याची चढाई आज घरोघरीं दिसते. हें सर्व आनंदाचेंच आहे.

रग्बीनेंही हाच मार्ग धरला आहे. १५ जून २०२५ रोजीं मुंबईंत अंधेरीच्या क्रीडासंकुलांत रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ, सात-सात गडी, परदेशचे नामांकित खेळाडू आणि त्यांच्या खांद्यास खांदा लावून आपलीं मुलें. पंधरवड्याच्या शेवटीं चेन्नईचा संघ विजयी झाला. मुलींनीं तर त्याआधींच मान उंचावली होती. जून २०१९ मध्यें मनिला येथें भारतीय स्त्रियांच्या संघानें सिंगापूरला हरवून पंधरा गड्यांच्या रग्बींतील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला. हा खेळ जुन्या युनियनचा आहे, लीगचा नव्हे. परंतु प्रश्न दोघांचाही एकच आहे.

तो प्रश्न असा. लिलाव होतो तो कांहीं शें खेळाडूंचा. त्यांच्या खालीं जीं हजारों मुलें आहेत, त्यांचा खाडा कोण भरणार? लिलावांत विकलें जाण्याइतका खेळाडू तयार होण्यास सात-आठ वर्षें लागतात, आणि त्या सात-आठ वर्षांत त्याला कोणी विकत घेत नाहीं. ज्याच्या घरीं बाप पगारदार आहे तो तीं वर्षें निभावून नेतो. ज्याच्या घरीं माग आहे तो मध्येंच गळतो. आपण मग म्हणतों, ‘अमक्या गांवांत गुण नाहीं.’ गुण असतो. तो रातपाळीला गेलेला असतो.

पापुआ न्यू गिनी या दूरच्या देशाचें उदाहरण या ठिकाणीं बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियन खाणवाल्यांबरोबर व सैनिकांबरोबर तेथें रग्बी लीग गेली, आणि आज ती त्या गरीब देशाचा राष्ट्रीय खेळ झाली आहे. २०२८ पासून त्या देशाचा संघ ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या धंदेवाईक सामन्यांत उतरणार आहे. त्यासाठीं ऑस्ट्रेलियन सरकारनें डिसेंबर २०२४ मध्यें दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचें जाहीर केलें. आणि ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी, कीं त्या रकमेचा एक भाग वरच्या संघासाठीं नसून, त्या बेटांवरील शाळांतून व गांवांतून खेळ वाढविण्यासाठीं आहे. त्यांत राजकारण आहे, हें खरें. तरी शिखराबरोबर पायाचाही खर्च मांडावा, हें शहाणपणही आहे.

मग कामतघरसारख्या वस्तींत काय करतां येईल? मोठें क्रीडांगण बांधा, हें सांगणें सोपें आहे; परंतु शंभर मीटर लांबीचें हिरवळीचें मैदान त्या दाट वस्तींत आणावयाचें कोठून? आरंभ त्याच्याविना होऊं शकतो. रग्बीचा एक प्रकार असा आहे, कीं त्यांत गड्यास खालीं पाडीत नाहींत, नुसता स्पर्श करतात. कठीण जमिनीवर मुलांनीं व मुलींनीं तोच खेळावा. पाडण्याचा खेळ मऊ मातीवर आणि जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालींच व्हावा. डोक्यास मार लागला तर त्या दिवशीं खेळ बंद, हा नियम कोणत्याही ढालीपेक्षां मोठा समजावा. पकड कशी घ्यावी, खांदा कोठें लावावा, पडावें कसें, हें कबड्डी खेळलेल्या मुलाला अर्धें आधींच येत असतें. तें भांडवल आपल्याजवळ आहे.

जें नाहीं तें खाड्याचें. त्यासाठीं माझी एक साधी सूचना आहे. समजा, एका संघांत तेरा गडी व चार राखीव मिळून सतरा मुलें आहेत, आणि वर्षांत दहा सामन्यांसाठीं प्रत्येकाची एकेक पाळी बुडते. म्हणजे वर्षाचे १७० खाडे झाले. एकशें सत्तर दिवसांची मजुरी! तिचा आंकडा कागदावर मांडावा, आणि एखाद्या रात्रीच्या सामन्यांत मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे हारतुरे आणि पुरुषभर उंचीच्या ढाली यांवर जो खर्च होतो त्याच्याशीं तो ताडून पाहावा. पुष्कळ ठिकाणीं असें आढळेल, कीं पैसा होता. फक्त तो खेळाडूपर्यंत पोहोंचला नाहीं. प्रत्येक मंडळानें आपल्या हिशेबाच्या वहींत ‘खाडा’ असें एक सदर उघडावें, आणि बक्षिसांच्या आधीं तें भरावें. कारखानदारांनींही सामन्याच्या दिवशीं माग दुसऱ्याच्या हातीं गेला तरी दुसऱ्या दिवशीं तो परत मिळेल, एवढा शब्द द्यावा. एवढ्यानें कोणी कोट्यधीश होणार नाहीं. परंतु कोणी मध्येंच गळणार नाहीं.

मुलींचा खाडा तर आणखी निराळा. तिचा दिवस मुकादमाच्या वहींत मांडलेला नसतो. तो घरांतला असतो. तिनें सरावास जावयाचें म्हणजे पाणी कोणी भरावें, धाकट्याला कोणी सांभाळावें, हें आधीं ठरावें लागतें. तो खाडा पैशानें भरत नाहीं. तो भावानें व बापानें भरावा लागतो. ज्या घरांतून मुलगी मैदानावर जाते, त्या घरांतील कोणीतरी आपला वाटा गुपचूप उचललेला असतो, हें निश्चित समजावें.

शेवटीं आपणांसारख्या सुशिक्षित कुटुंबांविषयीं एक शब्द. आपण प्रेक्षक आहोंत, वर्गणीदार आहोंत, मंडळांचे चिटणीस व परीक्षक आहोंत. हौशी खेळाडूची थोरवी गाणें आपणांस आवडतें. कारण हौस आपणांस परवडते. परंतु हौस ही ज्याला परवडते त्याचाच तो सद्गुण ठरवावयाचा, आणि ज्याला परवडत नाहीं त्याला लोभी म्हणावयाचें, हा न्याय नव्हे. १८९३ मध्यें लंडनच्या त्या सभेंत २८२ मतें विरुद्ध पडलीं, तीं देणारे सभ्य गृहस्थ दुष्ट होते असें नाहीं. त्यांच्यापैकीं बहुतेकांचा उभ्या आयुष्यांत एकही खाडा झालेला नव्हता, इतकेंच.

तो कामतघरचा मुलगा आतां मोठा झाला असेल. त्याचे दोन दिवस माझ्याकडे अजून देणें आहेत. ते त्याला परत करणें आतां माझ्या हातीं राहिलेलें नाहीं. म्हणून तें देणें आज मीं आपल्यापुढें मांडलें. आपल्या गल्लींतल्या, आपल्या मंडळांतल्या अशा कोणा मुलानें उद्यां तोच प्रश्न विचारला, तर त्याला व्याख्यान देऊं नका. वही उघडा, आणि किती दिवस झाले तें विचारा.